गोधडी, चहा आणि बायकांचं बसणं

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. पण ते अंथरूण कोणी शिवलं, कोणाकोणाच्या लुगड्यांचं शिवलं, हे कोणी विचारत नाही. राजांचा इतिहास आपण शाळेत शिकलो, किल्ल्यांचा शिकलो. गोधडीचा धडा मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हता. आज आम्ही गटातल्या बायका तोच सांगणार आहोत. जोडीला थोडा चहाचाही सांगू, कारण शिवायला चार जणी जमल्या की आधण चढतंच.

कुठे गोधडी म्हणतात, कुठे वाकळ. रीत बहुतेक ठिकाणी सारखीच. सुती लुगडं विरलं, धोतर फाटलं, की धुऊन, घडी घालून बाजूला ठेवायचं. त्यातलं जरा धड असलेलं एक लुगडं खाली, एक वर, आणि पोटात बाकीचे तुकडे. परकराचा घेर, सदऱ्याची पाठ, चोळीची बाही, काही वाया जात नाही. मग जमीन झाडून कापड पसरायचं, चार कोपऱ्यांना चौघींनी धरून ताणायचं, कडेला दगड ठेवायचे. आधी लांब लांब कच्चे टाके, आणि मग कडेपासून धावदोरा घालत आत यायचं. एकीने एकटीनं शिवायला घेतली तर आठवड्यांमागून आठवडे जातात. चौघी-पाच जणी चारी बाजूंनी बसल्या तर काम झरझर सरतं. म्हणजे गोधडीची रीतच अशी आहे की ती बायकांना एकत्र बसवते.

हंगामही ठरलेला. रब्बीची सुगी संपली, ज्वारी घरात आली, की पेरणीपर्यंत उन्हाळ्याच्या दुपारी हे काम चाले. पावसाळ्याआधी पांघरुणं तयार हवीत. पुढे नवरात्रात घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर न्यायच्या, बडवून धुवायच्या, वाळवंटात वाळत घालायच्या. तेव्हा नदीकाठी कोणाच्या घरात किती जुनी लुगडी होती, कोणाचा टाका बारीक, हे सगळ्या गावाला दिसायचं.

ही कला किती जुनी? कापड टिकत नाही, त्यामुळे शेकडो वर्षांपूर्वीची गोधडी दाखवता येणार नाही. पण शब्द टिकतात. संस्कृतात ठिगळं जोडून शिवलेल्या वस्त्राला कंथा म्हणत. बंगालमधल्या बायका जुन्या साड्यांचं जे शिवतात त्याला आजही कांथा म्हणतात. बैरागी, फकीर, गोसावी असंच ठिगळांचं वस्त्र अंगावर घेत. आपले गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मले. अंगावर चिंध्या जोडून केलेलं वस्त्र आणि हातात खराटा. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत, चिंधेबुवा म्हणत. साधूनं चिंध्या घातल्या तर त्याला वैराग्य म्हटलं गेलं. बाईनं चिंध्या जोडून सगळ्या घराला ऊब दिली तर ते घरकाम ठरलं, आणि घरकामाची नोंद कोणी ठेवत नाही.

आता कापडाचं बघा. हातानं सूत काढून हातमागावर विणण्याच्या काळात एक लुगडं म्हणजे मोठा ऐवज होता. १८५६ साली मुंबईत पहिली सूतगिरणी चालू झाली. पुढे सोलापुरात गिरण्या निघाल्या. गिरणीच्या कापडानं गोधडीला नवे रंग, नवी चिटं दिली. नंतर नायलॉनच्या, पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्या फाटत नाहीत, लवकर वाळतात, पण त्यांची गोधडी घाम शोषत नाही आणि अंगावरून घसरते. मग बाजारात स्वस्त ब्लँकेटं आली. गोधडी माळ्यावर गेली. आणि गोधडीबरोबर दुपारचं बसणंही गेलं.

मैत्रिणींनो, आम्हाला आज जे सांगायचंय ते या बसण्याबद्दल आहे.

गावात पुरुषांना बसायला पार होता, चावडी होती, देवळातलं भजन होतं. ते बसले तर कोणी विचारत नसे, का बसलात? बाई रिकाम्या हातानं ओट्यावर बसली तर दहा जण विचारत. हातात सुई असली की मात्र कोणी बोलत नसे. काम चाललंय ना, मग बसू दे. अशा सुईच्या आधारानं बायकांनी पिढ्यान् पिढ्या आपली बैठक चालवली. कोणाची सून माहेरी का गेली, कोणाला चौथीही मुलगीच झाल्यावर काय ऐकावं लागलं, कोणाच्या अंगावर वळ दिसले, बाळंतिणीला काय द्यावं, कोणाकडे बी उसनं मिळेल, हे सगळं तिथं बोललं जायचं. नव्या सुनेला टाका शिकवता शिकवता सासूबद्दल चार गोष्टी हळूच सांगितल्या जायच्या. आणि हसणं! घरात तोंडाला पदर लावून हसणाऱ्या बायका गोधडीवर बसून पोट धरून हसायच्या. यालाच शहरातली माणसं छंद म्हणतात. आपल्याकडे या सुखाला नाव नव्हतं, पण सुख होतं.

अशीच दुसरी बैठक जात्यावरची. पहाटे दोघी समोरासमोर बसून दळत आणि ओव्या गात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सुरू केलेल्या कामात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. पिठाची गिरणी आली आणि हातांचे कष्ट वाचले. ते वाचायलाच हवे होते. जातं परत आणा, असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण दळणाबरोबर पहाटेचं बोलणंही थांबलं, आणि त्याच्या जागी दुसरं काही आपोआप आलं नाही. गोधडीचंही तसंच होऊ द्यायचं का, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे.

आता चहाकडे येऊ. आपल्याला वाटतं चहा आपल्याकडे पहिल्यापासून आहे. तसं नाही. पूर्वी उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळपाणी ठेवत. आसामातला चहा १८३९ साली लंडनच्या लिलावात पोहोचला. पुढे कितीतरी वर्षं इथला चहा बहुतेक परदेशीच जात होता. १९०३ साली सरकारनं चहावर खास कर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. १९३० नंतरच्या मंदीत परदेशातली मागणी मंदावली, तेव्हा मळेवाल्यांनी देशातल्या गिऱ्हाइकाकडे जास्तच लक्ष दिलं. बाजारात, स्टेशनवर, गिरण्यांत प्रचारक चहा करून दाखवत आणि फुकट पाजत. चहाची छोटी पुडी निघाली, तेव्हा तो गरिबाच्या चुलीपर्यंत आला. दूध नसेल तर कोरा, साखर नसेल तर गुळाचा.

पण चहाच्या हॉटेलात कोण बसायचं? पुरुष. एसटी १९४८ साली सुरू झाली, गावोगाव थांबे झाले, थांब्यापाशी हॉटेलं झाली. बाकावर वर्तमानपत्र आणि कपबशी घेऊन बसायचे ते बाप्येच. बाईचा चहा घरात, सगळ्यांना देऊन झाल्यावर, पातेल्याच्या तळाशी उरलेला. आणखी एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. त्याच हॉटेलांत दलितांसाठी वेगळा कप असायचा, तो ज्याचा त्यानं विसळून ठेवायचा. गोधडीच्या बैठकीतही सगळ्या जातींच्या बायका एका ओट्यावर नसत. काही भटक्या समाजांतल्या बाया घरोघर फिरून गोधड्या शिवून देत, बदल्यात धान्य घेत. पांघरूण त्यांच्या हातचं चाले, पण त्यांना पाणी वरून ओतत. जुनं ते सगळंच गोड होतं, असं आम्ही म्हणणार नाही. आज आपल्या गटात एकाच किटलीतला चहा सगळ्या जणी पितात, हे आपण जुन्या बैठकीत घातलेलं नवं ठिगळ आहे, आणि ते सगळ्यात पक्कं शिवायला हवं.

सुईनं बायकांना घराबाहेरही काढलं. १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथं शिवण-टिपण होतं, तसंच लिहिणं-वाचणं आणि रुग्णसेवेचं शिक्षणही होतं. बाई शिकायला जाते म्हटलं तर घरचे नाही म्हणत, शिवण शिकायला जाते म्हटलं तर ते कसंबसं खपे. १९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाली. तिच्यातून गावोगाव महिला मंडळं निघाली, आणि तिथंही पहिला वर्ग बहुतेक शिवणाचाच. शिवणाच्या नावानं बाई एकदा उंबरा ओलांडून गेली की बाकीचं पाठोपाठ येतं.

हे फक्त महाराष्ट्रातलं नाही. शेजारच्या कर्नाटकात, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाज राहतो. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं, आणि तिथून सुटून ते या जंगलात आले. त्यांच्या बायका गोधडीला कवंदी म्हणतात. कडेपासून शिवत मध्यावर येतात, आणि चारी कोपऱ्यांना घड्या घालून केलेली फुलं लावतात. फुलाशिवाय कवंदी उघडी वाटते, असं त्या मानतात.

आफ्रिकेतूनच गुलाम करून नेलेल्या दुसऱ्या माणसांच्या लेकी-नाती अमेरिकेत अलाबामा राज्यात राहतात. त्याही जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. १९६५ च्या सुमारास तिथल्या काळ्या लोकांनी मतदार म्हणून नाव नोंदवायला सुरुवात केली, तेव्हा जमीनमालकांनी कितीतरी कुटुंबांना घराबाहेर काढलं. १९६६ साली बायकांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली. तिचं नाव फ्रीडम क्विल्टिंग बी, म्हणजे स्वातंत्र्यासाठी एकत्र बसून शिवणाऱ्या. त्यांच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांत गेल्या. आलेल्या पैशातून संस्थेनं जमीन घेतली, आणि घर गेलेल्या काही कुटुंबांना त्यातच जागा मिळाली. जवळच्याच जीज बेंड गावातल्या गोधड्या २००२ साली मोठ्या संग्रहालयांत चित्रांसारख्या भिंतीवर लागल्या, २००६ साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. पण नाव झाल्यावर पैसा कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला, आणि २००७ साली शिवणाऱ्यांपैकी काही जणींना मोबदल्यासाठी कोर्टात जावं लागलं.

त्यांच्या गोष्टीतून आपल्याला दोन्ही बाजू दिसतात. बैठकीत बळ आहे. आणि हिशेब नसला तर बळ दुसऱ्याच्या खिशात जातं.

आता शहरात गोधडीला पुन्हा मागणी आली आहे. गटांना ऑर्डर मिळतात, ही चांगली गोष्ट. पण विकत घेणारे म्हणतात, “तुम्ही फावल्या वेळातच करता ना, मग एवढे पैसे कशाला?” मैत्रिणींनो, एक साधा हिशेब मांडू. समजा पाच जणी रोज दोन तास बसल्या आणि आठ दिवसांत गोधडी झाली. पाच दुणे दहा, दहा आठे ऐंशी. ऐंशी तास. ती सोळाशे रुपयांना गेली, तर एका तासाला वीस रुपये, आणि दोऱ्याचा खर्च अजून त्यातूनच जायचाय. आमचं म्हणणं असं, की ऑर्डरच्या गोधडीची वही वेगळी ठेवा. कोण किती वेळ बसली, दोरा किती लागला, सगळं लिहा. दर सांगताना तीच वही समोर ठेवा.

आणि दुसरी एक गोधडी अशी घ्या, जिची वही नसेल. ती विकायची नाही. गटातल्या कोणा बाळंतिणीचं दुपटं असेल, नाहीतर एकटी राहणाऱ्या म्हातारीचं पांघरूण. आठवड्यातली एक दुपार तिच्यासाठी. तिथं हप्त्याचा विषय नको, वसुलीचा नको, घाई नको. एकीनं आलं ठेचावं, एकीनं दूध आणावं, आणि चहा गरम असतानाच सगळ्यांनी बसून प्यावा. उरलेला, तळाचा नव्हे. आपण दोन्ही गोष्टींच्या हक्कदार आहोत, कामाच्या मोलाच्याही आणि बसण्याच्या आनंदाच्याही. एक मिळतं म्हणून दुसरं सोडायचं नाही.

एक काम मात्र आजच करा. घरातली जुनी गोधडी उन्हात घाला आणि घरातल्या सगळ्यात वडील बाईला विचारा, यातलं कुठलं ठिगळ कोणाचं, आणि शिवायला कोण कोण बसलं होतं. ती सांगेल ते कागदावर लिहून घ्या, तारीख घाला. नवी गोधडी शिवाल तेव्हा तिच्या एका कोपऱ्यात शिवणाऱ्या सगळ्या जणींची नावं आणि वर्ष दोऱ्यानं घाला. पुढच्या पिढीला मग अंथरूण कोणी शिवलं हे विचारावं लागणार नाही, वाचता येईल.

पुढच्या कार्यक्रमात भेटू. नमस्कार.