फासे, नकाशा आणि परग्रहावरचा शत्रू

आज एका व्हिडिओ गेमविषयी बोलणार आहे. मेजरसाहेबांना म्हातारपणी हे काय सुचलं असं वाटेल, पण विषय इतिहासाचाच आहे.

गेमचं नाव एक्स-कॉम. १९९४ साली मायक्रोप्रोज कंपनीने तो बाजारात आणला. रचना ज्युलियन आणि निक गोलॉप या इंग्रज भावांची. परग्रहावरचे जीव पृथ्वीवर उतरताहेत आणि त्यांना रोखायला देशोदेशींच्या पैशावर एक गुप्त पथक उभं केलंय, अशी कथा. २०१२ साली फिरॅक्सिसने तो नव्याने केला. इंदूरला माझा नातू हा नवा गेम खेळतो. त्याच्याकडून मी शिकलो आणि मग जुनाही शोधून काढला. मला विचाराल तर जुनाच खरा.

खेळ पाळीपाळीने चालतो. जुन्या गेममध्ये प्रत्येक सैनिकाला ठरावीक 'टाइम युनिट्स' मिळतात. चालणं, वळणं, गुडघा टेकणं, गोळी झाडणं, सगळा खर्च त्यातूनच. सगळी युनिट्स धावण्यात उधळली, तर शत्रूच्या पाळीत कोणी समोर उभं राहिलं तरी आपला गडी नुसता बघत राहतो. म्हणून काहींनी पुढे सरकायचं आणि काहींनी आडोशाला बसून युनिट्स राखायची. महूच्या इन्फंट्री स्कूलमध्ये आम्ही सँड मॉडेलभोवती उभं राहून हेच 'फायर अँड मूव्ह' शिकलो होतो. फरक इतकाच की तिथे चूक झाली की सगळ्यांसमोर खरडपट्टी निघायची.

शत्रूची पाळी आली की पडद्यावर 'हिडन मूव्हमेंट' अशी अक्षरं येतात. पलीकडे कोणीतरी हलतंय, पण तुम्हाला दिसत नाही. आता थेट प्रशियात जाऊ, कारण ही कल्पना तिथली.

१८१२ साली फॉन राइस्वित्झ नावाच्या गृहस्थाने प्रशियाच्या राजाला युद्धाचा एक खेळ दाखवला. त्याचा मुलगा तोफखान्यात अधिकारी. त्याने १८२४ साली नियम छापले आणि खेळ खऱ्या नकाशावर आणला, १:८००० प्रमाणाच्या. सैन्याच्या तुकड्या म्हणजे लाल-निळे ठोकळे, एक पाळी म्हणजे दोन मिनिटं. मध्ये एक पंच. शत्रूची जी तुकडी दिसणं शक्य आहे तेवढीच तो नकाशावर मांडणार. गोळीबाराचा निकाल फाशांवर आणि कोष्टकांवर. प्रमुख सेनाधिकारी म्युफलिंग यांनी खेळ पाहिला आणि सैन्याला त्याची शिफारस केली. १८७०-७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सला धूळ चारली, तेव्हा बाकीच्या देशांचं लक्ष या 'क्रीगश्पील'कडे गेलं.

ते फासे आजही आहेत, फक्त संगणकाच्या पोटात गेलेत. नव्या गेममध्ये नेम लागण्याची शक्यता आकड्यात दिसते. ८५ टक्के लिहिलेलं असतं, गोळी हुकते, आणि नातू ओरडतो, "आजोबा, हा चीटिंग करतो!" करतो खरा, पण उलट बाजूने. सोप्या पातळीवर तो खेळाडूला गुपचूप झुकतं माप देतो. राइस्वित्झच्या पंचाला हे खपलं नसतं.

एक गोष्ट मात्र वाटेत हरवली. क्रीगश्पीलमध्ये हुकूम लिहून द्यावा लागे, आणि घोडेस्वाराला पोहोचायला जितका वेळ लागेल तितक्या पाळ्या तो थांबून राही. पोहोचेपर्यंत परिस्थिती बदललेली. एक्स-कॉममध्ये मी बोट दाबलं की सैनिक निघाला, आणि एकाला जे दिसतं ते त्याच क्षणी मलाही दिसतं. रात्री रेडिओ सेट बंद पडलेला, पुढची सेक्शन नाल्याच्या अलीकडे की पलीकडे हे ठाऊक नाही, हा अनुभव ज्याने घेतलाय त्याला हे सुख फार खोटं वाटेल. सैन्यात जाण्याची स्वप्नं पाहणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो.

उलट १९९४च्या गेमने एक गोष्ट पकडलीय, ती म्हणजे मनोधैर्य. शेजारचा पडला की गडी घाबरतो. कधी शस्त्र टाकून पळतो, कधी बेभान होऊन गोळ्या झाडत सुटतो. वरच्या हुद्द्याचा पडला तर घसरण जास्त. ठोकळ्यांच्या खेळात एकेका जवानाला असं मन नव्हतं. गोलॉप बंधूंनी ते दिलं, याबद्दल त्यांना माझा सलाम.

नव्या गेममध्ये तळावर एक स्मृतिभिंत आहे, त्यावर पडलेल्यांची नावं चढतात. सैनिकांची नावं बदलता येतात, म्हणून नातवाने घरातल्या सगळ्यांची देऊन टाकली. मशीनगनवाला मी. तिसऱ्या मोहिमेत त्याने मला आडोसा नसलेल्या रस्त्यावर पुढे काढलं आणि मी गेलो. त्याने लगेच आधी सेव्ह केलेला डाव पुन्हा उघडला. मी म्हटलं, "राहू दे, पुढे चल." तो बराच वेळ त्या भिंतीकडे बघत बसला. मग त्याने विचारलं, "तुमच्या युनिटमध्ये कोणी गेलं की त्यांच्या घरी कोण सांगायचं?"

पत्र कमांडिंग ऑफिसर लिहायचा, मी त्याला सांगितलं, आणि कंपनी कमांडरही लिहायचा.