चोळीची उलटी बाजू : प्रस्तावना

वस्त्रांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा दिसणाऱ्या वस्त्रांचाच लिहितो. पैठणीवर, इरकलीवर, जरीकाठांवर भरपूर लिहिले गेले आहे. अंगालगतची चोळी, बॉडी, परकर यांच्या वाट्याला मात्र एखाददुसरा परिच्छेद येतो. याला थोडा संकोच कारणीभूत आहे. त्याहून मोठे कारण असे, की हे कपडे टिकलेच नाहीत. ते रोज धुतले गेले, घामाने विरले आणि शेवटी घरातच पोतेरे किंवा ठिगळ होऊन संपले. या पुस्तकाचा विषय हेच कपडे आहेत. वाचकांनी संकोच बाजूला ठेवून यावे, एवढीच विनंती. इथे शरीरापेक्षा कापडाविषयी, दोऱ्याविषयी आणि ज्या हातांनी ते शिवले त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

अडचण सगळीकडे एकच होती. मागावरून उतरलेले कापड सपाट असते आणि अंग सपाट नसते. वस्त्राने आधार द्यायचा, पण दळताना, पाणी शेंदताना हात अडवायचा नाही. युरोपने यावर थरांचा मार्ग काढला. अठराव्या शतकातल्या तिथल्या आतल्या चोळ्यांत जाड लिननच्या कापडाचे थर एकमेकांवर ठेवून जवळजवळच्या टाक्यांच्या समांतर रांगा घालत आणि त्या रांगांमधल्या अरुंद घरांत देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्या सरकवत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पहिल्या एलिझाबेथ राणीच्या अंत्ययात्रेतल्या पुतळ्याची त्याहून जुनी, १६०३ सालची अशीच चोळी आजही आहे. पुढे काही चोळ्यांत पट्ट्यांच्या जागी नुसती दोरी घालू लागले. परकरांत लोकर भरून वरून टाके घालत. त्याने ऊब मिळे आणि वरचा झगा फुगून राही. कित्येक झगे समोरून उघडे असल्यामुळे आतला परकर दिसे, म्हणून त्यावरच्या टाक्यांत वेलबुट्टीही काढलेली असे.

यामागची युक्ती साधी आहे. दोन कापडे नुसती एकावर एक ठेवली तर वाकताना ती एकमेकांवरून सरकतात. दाट टाक्यांनी बांधली की सरकता येत नाही आणि दोन मऊ थरांचा मिळून एक ताठ थर होतो. एवढे लक्षात ठेवले तरी या पुस्तकाचा बराचसा भाग सोपा जाईल.

आपल्याकडच्या चोळीने वेगळी वाट धरली. तिने ताठपणा घेतलाच नाही. एका लहानशा खणातून पाठ, बाह्या, छातीचे तुकडे आणि काखेतले जोड काढायचे, खणाचा काठ बाहीच्या कडेला येईल असे बेतायचे आणि समोर दोन टोकांची गाठ मारायची. फुगवटा येतो तो तुकडे जोडण्यातून. ताण येतो तो गाठीवर. माझ्या मते ही गाठ म्हणजे सगळ्या रचनेतली सर्वांत हुशार गोष्ट आहे, कारण बाई बाळंतीण असो, अंगावर पाजणारी असो की आजारातून उठलेली असो, गाठ सैल किंवा घट्ट करून तीच चोळी पुन्हा अंगाला बसते. नऊवारीचा कासोटा घालणाऱ्यांना खाली परकराची गरजच नव्हती. पोलके, झंपर, हूक आणि बॉडी नंतर आली, आणि पाचवारी गोल नेसणे रूढ होत गेले तसा साडीखालचा परकरही.

मग थर देऊन शिवण्याची विद्या आपल्याकडे नव्हती का? होती. ती चोळीत नव्हती, गोधडीत होती. जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने बांधणारी बाई वर सांगितलेलाच नियम वापरत होती. दुलईत तोच आहे आणि घोडेस्वारांच्या कापूस भरलेल्या डगल्यांतही तोच. तलवारीचा वार अशा डगल्यात बराचसा मुरे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्यातल्या आमच्या हडपसरच्या परिसरात यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या सैन्याचा पराभव केला. त्या लढाईच्या वर्णनांत तोफा आणि पलटणी असतात, पेशवे दुसऱ्या बाजीरावाचे पळून जाणे असते. सैनिकांचे कपडे कोणी शिवले, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. (लढायांचे इतिहास शिंप्यांनी लिहिले असते तर?) खण आणि थर यांची गाठ पडलेली पाहायची असेल, तर तान्ह्या बाळाची खणाची, अस्तर लावलेली कुंची पाहावी.

नव्या वाचकाने सुरुवात कुठून करावी? माझा सल्ला असा, की आधी गल्लीतल्या ब्लाऊज शिवणाऱ्या टेलरकडे जा. हडपसरच्या गाडीतळाच्या आसपास राहत असाल तर फार चालावे लागणार नाही. कटोरी ब्लाऊज आणि चार टक्सचा ब्लाऊज शेजारी ठेवून, दोन्ही उलटे करून दाखवायला सांगा. पहिल्यात फुगवटा जोडातून येतो, दुसऱ्यात चिमटीतून. जुन्या चोळीची आठवण पहिल्यात जास्त राहिली आहे. त्यानंतर पुण्याच्या शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहा. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वस्त्रे अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. काचेआडचे वस्त्र उलटे करता येत नाही. तेव्हा बाहीच्या कडेकडे, काखेकडे आणि जिथे रंग कमी उडाला आहे अशा दुमडींकडे पाहावे.

घरात कोणाची जुनी चोळी असेल तर ती उसवू नका. कागदावर तिचा खाका काढा, प्रत्येक तुकड्यात उभा धागा कोणत्या दिशेने जातो ते बाणाने दाखवा आणि टाके कुठे दाट आहेत ते लिहून ठेवा. इंग्लंडमधल्या जॅनेट आर्नल्ड यांनी हेच काम आयुष्यभर केले. मूळ कपड्यांवरून चौकटीच्या कागदावर उतरवलेले त्यांचे खाके ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’ या ग्रंथमालेत आहेत. त्यांच्या मृत्यूनंतर २०१८ साली निघालेला पाचवा खंड तर मुख्यतः आतल्या चोळ्यांवर आहे. इंग्रजीची अडचण वाटली तरी तो चाळावा, आकृत्या पुरेशा बोलक्या आहेत.

पुढची प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. सुई हातात धरलेली असेल तर चोळीच्या बेतण्यापासून सुरुवात करा आणि मापे स्वतः जुन्या कापडावर करून पाहा. सुईची सवय नसेल तर गोधडीचे प्रकरण आधी घ्या. त्यात धावदोऱ्याखेरीज दुसरा टाका लागत नाही.