मेटल डिटेक्टर : शेतजमिनीसाठी जुळणी

नांगरलेल्या किंवा पीक काढलेल्या शेतात जुनी नाणी, बकले, अंगठ्या अशा वस्तू शोधताना मेटल डिटेक्टरची संवेदनशीलता, भूसंतुलन, धातुनिवड व वारंवारता त्या जमिनीच्या स्वभावाप्रमाणे बसवून घेणे. हा छंद विशेषतः इंग्लंडमध्ये रुजला आहे. तेथील शेते शतकानुशतके कसली जात असल्याने नांगर खालची माती वर-खाली करतो आणि एकाच वावरात रोमन नाणे, मध्ययुगीन चांदी व कालपरवाचा खिळा शेजारी शेजारी सापडतात.

यंत्राच्या तबकडीतील एका वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडतात. त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतील धातूत आवर्त प्रवाह निर्माण होतात व त्यांचा क्षीण प्रतिसाद दुसरे वेटोळे टिपते. अडचण अशी की मातीतील लोहखनिजेही प्रतिसाद देतात. तो वगळणे म्हणजे भूसंतुलन. धातू नसलेली जागा पाहून तबकडी जमिनीलगत खाली-वर करतात आणि दोन्ही वेळा आवाज सारखा येईपर्यंत संतुलन बदलतात. मातीचा रंग बदलला की हे पुन्हा करावे. आपोआप संतुलन साधणारी सोय सोपी वाटते. पण एकाच जागी तबकडी बराच वेळ फिरवली तर ती खोलवरच्या नाण्याचा अशक्त आवाजही माती समजून पुसू शकते.

संवेदनशीलता शेवटच्या अंकापर्यंत चढवणे ही नवख्यांची नेहमीची चूक. त्याने खोली क्वचितच वाढते, कलकलाट मात्र हमखास वाढतो. विजेच्या कुंपणाची टकटक, डोक्यावरच्या उच्चदाब तारा व खनिजयुक्त माती हे सारे यंत्र बोलून दाखवते. तबकडी स्थिर धरल्यावर यंत्र गप्प राहील इतपत संवेदनशीलता उतरवावी.

खरा पेच धातुनिवडीत आहे. लोखंडाचे आवाज बंद करता येतात आणि ते बहुधा करावेतही. पण त्यापुढे जाऊन चांदीच्या कागदाचे, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे आवाज बंद केले, तर तोटा होतो. तेराव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये सुट्या पैशांसाठी चांदीची पेनी कापून तिचे अर्धे किंवा पाव तुकडे चालवत. अर्ध्या ग्रॅमहूनही हलका असा पाव तुकडा यंत्राला कागदासारखाच ऐकू येतो. सोन्याच्या बारीक अंगठीचेही तेच. म्हणून कचरा खणण्याची तयारी ठेवणे हाच शेतातला शहाणपणा. अपवाद एकच : शहरी कचऱ्यापासून केलेले खत ज्या शेतात पसरले आहे, तेथे अॅल्युमिनियमचे इतके बारीक तुकडे असतात की कोणतीही जुळणी कामी येत नाही, शेत बदलावे.

खिळ्यांनी भरलेल्या जुन्या वस्तीच्या जागी प्रतिसादाचा वेग वाढवतात, म्हणजे खिळ्याशेजारचे नाणे वेगळे ऐकू येते. मोकळ्या रानात तो कमी ठेवल्यास खोली मिळते. सुमारे ५ किलोहर्ट्झची वारंवारता मोठ्या, सुवाहक वस्तूंना सोयीची. १५ ते २० किलोहर्ट्झ बारीक नाण्यांना. अलीकडची यंत्रे अनेक वारंवारता एकदम वापरतात.

जमिनीची स्थिती या सर्वांहून महत्त्वाची. ताज्या नांगरटीत ढेकळांमधील पोकळ्यांमुळे तबकडी वस्तूपासून दूर राहते. पेरणीसाठी सपाट केलेली, किंचित ओली जमीन उत्तम. धसकटांत लहान तबकडी बरी.

इंग्लंडमध्ये जमीनमालकाची परवानगी लागते. १९९६ च्या कायद्यानुसार गुप्तधन सापडल्यास १४ दिवसांत कॉरोनरला कळवावे लागते. १९९२ मध्ये सफोकमधील हॉक्स्न येथे शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना सुमारे १५,००० रोमन नाणी हाती लागली. शोधणाऱ्याने सगळे उकरून न काढता वेळीच कळवले, म्हणून पुरातत्त्वज्ञांना तो ठेवा जागच्या जागी अभ्यासता आला.

दख्खनची काळी माती बेसाल्टपासून बनलेली व मॅग्नेटाइटयुक्त असल्याने येथे भूसंतुलन अधिक काळजीने करावे लागते. भारतात १८७८ च्या गुप्तधनविषयक कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवणे बंधनकारक आहे.