लाल गोळीचा रस्ता परळवरून जातो

मंडळी, उपकेंद्रात गरोदर बाईच्या हातात ठेवतात ती लाल गोळी सगळ्यांनी पाहिली असेल. आपण तिला 'रक्तवाढीची गोळी' म्हणतो. खरं तर एका गोळीत दोन औषधं आहेत: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. दोघांचा इतिहास वेगवेगळा, आणि दुसऱ्याचा थेट आपल्या मुंबईशी संबंध.

आधी लोह. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सिडनहॅम हे डॉक्टर लोखंडाचा कीस वाइनमध्ये भिजवून पेशंटला पाजायचे. १८३२ साली फ्रान्सच्या ब्लो या डॉक्टरांनी फेरस सल्फेट आणि पोटॅशियम कार्बोनेटची गोळी काढली. पांढऱ्याफटक पडलेल्या तरुण मुली तिने सुधारू लागल्या. फेरस सल्फेट आजही वापरात आहे, आणि स्वस्तही.

आता परळ. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली आणि हाफकिन संस्थेत काम करू लागली. कापड गिरण्यांतल्या गरोदर कामगार बायकांचं रक्त भयंकर कमी व्हायचं, काही दगावायच्या. लोह कमी असलं की रक्तपेशी लहान होतात. इथे त्या उलट मोठ्या दिसत होत्या. विल्सबाई या बायकांच्या ताटापर्यंत गेल्या. फळं, भाजीपाला, प्रथिनं, सगळ्याचीच वानवा. तसंच खाणं माकडांना दिलं, तर त्यांचंही रक्त उतरलं. यीस्टपासून बनणारं मार्माइट दिल्यावर माकडं सुधारली, बायकाही सुधारल्या. १९३१ साली हे छापून आलं.

मार्माइटमधला तो घटक म्हणजे फॉलेट. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला. पान म्हणजे लॅटिनमध्ये 'फोलियम', म्हणून फॉलिक. पुढे अमेरिकेत लेडर्ली कंपनीत तो कृत्रिमरीत्या तयार झाला, तेव्हा तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव.

१९७० मध्ये भारत सरकारने ही दोन्ही औषधं गरोदर बायकांना द्यायचा कार्यक्रम सुरू केला. म्हणजे पन्नास वर्षांहून जास्त काळ झाला. आणि आज? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय निघाला. आधीच्या पाहणीत हाच आकडा ५०.४ होता. पूर्ण १८० दिवस गोळी घेतलेल्या बाया फक्त २६ टक्के!

औषध स्वस्त आहे, फुकट आहे, तरी पोटात जात नाही. का? मळमळतं, पोट साफ होत नाही, शौच काळी होते. त्यात घरातली मोठी माणसं म्हणतात, बाळ काळं होईल. कुणी नीट समजावून सांगितलं नाही, की पाकीट गेलं फळीवर. यात बाईला दोष देऊन भागणार नाही.

म्हणून घरोघरी सांगा. शौच काळी होणं हा लोहाचाच परिणाम, घाबरू नका. बाळाच्या रंगाशी गोळीचा संबंध नाही. चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका, लिंबूपाणी चालेल. मळमळलं तर जेवणानंतर किंवा झोपताना घ्या, बंद करू नका. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर डोस डॉक्टर ठरवतील. ७ च्या खाली गेलं तर गोळीवर थांबू नका, मोठा दवाखाना गाठा.

गिरणगावातल्या त्या बायकांकडे ही गोळी नव्हती. आपल्या लेकीसुनांकडे आहे. आज घरात विचारा, गोळी घेतलीस का?