सही दोघांची, ऋण कोणाचे? उत्तर कोकणातील दांपत्याच्या कर्जाचा इतिहास

कर्जाची फेड आवाक्याबाहेर जाऊ लागली म्हणजे सगळी देणी एका यादीत मांडून, ऋणकोच्या, म्हणजे कर्ज घेणाऱ्याच्या, मिळकतीला पेलेल एवढा एकच मासिक हप्ता ठरवावा आणि तो धनकोंमध्ये, म्हणजे कर्ज देणाऱ्यांमध्ये, देण्याच्या प्रमाणात वाटावा, या व्यवस्थेला आज ऋणव्यवस्थापन योजना म्हणतात. क्रेडिट कार्डाची थकबाकी, वैयक्तिक कर्ज यांसारखी विनातारण देणी तीत येतात. घराचे कर्ज तारणाचे असल्याने सहसा बाहेर राहते. नवी मुंबईतील वाशी, नेरूळ किंवा खारघर येथील पगारदार दांपत्य या योजनेचा विचार करू लागते तेव्हा व्याजदराच्याही आधी त्याला दुसराच प्रश्न सोडवावा लागतो, तो म्हणजे योजनेत एकाने जायचे की दोघांनी. हा प्रश्न या शहरापेक्षा बराच जुना आहे. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ज्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली, त्या उत्तर कोकणात धर्मशास्त्राने, रूढीने आणि इंग्रजी अमलातील कायद्याने त्याची निरनिराळी उत्तरे दिली. कायद्याने नवराबायकोची देणी बहुधा वेगळी ठेवली आणि व्यवहाराने ती पुन्हा पुन्हा एका दाव्याला बांधली, असा या इतिहासाचा एकंदर कल दिसतो.

धर्मशास्त्रातील ऋणादान, म्हणजे कर्जव्यवहाराचे प्रकरण, या बाबतीत आश्चर्य वाटावे इतके नेमके आहे. याज्ञवल्क्यस्मृतीनुसार नवऱ्याचे कर्ज बायकोने फेडण्याचे बंधन नाही आणि बायकोचे नवऱ्याने फेडण्याचेही नाही, मात्र ते कुटुंबाच्या निर्वाहासाठी काढलेले असेल तर गोष्ट वेगळी. गवळी, मद्यविक्रेते, नट, परीट आणि व्याध यांच्या स्त्रियांचे कर्ज त्यांच्या नवऱ्यांनी फेडावे, कारण त्या घरांची उपजीविकाच स्त्रीच्या कामावर चालते, असा अपवाद स्मृतिकाराने नोंदवला आहे; स्त्रीची कमाई आणि देण्याची जबाबदारी यांचा संबंध तेव्हाही लक्षात आलेला होता, एवढे त्यावरून दिसते. स्त्रीवर तीनच प्रकारच्या कर्जाची जबाबदारी येते: तिने स्वतः काढलेले, तिने फेडण्याचे कबूल केलेले आणि तिने नवऱ्यासह काढलेले. बँकेच्या अर्जावरील सहअर्जदार आणि जामीनदार हे दोन रकाने या यादीतील शेवटच्या दोन प्रकारांहून फारसे निराळे नाहीत. स्त्रीधनाच्या बाबतीत मात्र स्मृतीने नवऱ्याला झुकते माप दिले. दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण किंवा अटकाव अशा प्रसंगी नवऱ्याने घेतलेले स्त्रीधन परत करण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते, आणि अटकाव या शब्दाचा अर्थ टीकाकारांनी कैद असा केला आहे. महाराष्ट्रात विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही टीका प्रमाण मानली गेली, तर मुंबई बेट, गुजरात आणि उत्तर कोकण या भागांत नीलकंठ भट्टांच्या व्यवहारमयूख या ग्रंथाला न्यायालयांनी विशेष मान दिला.

याच शास्त्रात विधवेशी घरोबा करणाऱ्याने तिच्या मृत पतीचे देणे फेडावे, असाही नियम होता. पाट किंवा म्होतूर, म्हणजे विधवेचा दुसरा विवाह, ज्या जातींत रूढ होता त्यांच्यावर याचा बोजा पडे, कारण नवा संसार जुन्या सावकाराच्या वहीतच सुरू होई. मुंबई सरकारने १८६६ साली केलेल्या सातव्या कायद्याने दोन गोष्टी एकदमच तोडल्या: वडील-आज्यांच्या कर्जाची वारसांवरील जबाबदारी त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित झाली आणि विधवेच्या दुसऱ्या नवऱ्याची पहिल्याच्या देण्यातून सुटका झाली. हिंदू विधवेच्या पुनर्विवाहास कायद्याने १८५६ साली मान्यता दिली होती. त्या विवाहाला चिकटलेले कर्ज सुटायला आणखी दहा वर्षे लागली. सुधारणेच्या इतिहासात पहिल्या तारखेचा जेवढा गाजावाजा झाला, त्याचा अल्पांशही दुसरीच्या वाट्याला आला नाही.

कायद्याच्या पुस्तकात पतिपत्नी अशी अलग होत असताना उत्तर कोकणातील ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात कर्ज दोघांना एकत्र जुंपत होते. आजच्या नवी मुंबईतील बेलापूरची पट्टी आणि डहाणू, तलासरी हे डोंगरी मुलूख १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत एकाच जिल्ह्यात मोडत, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रथेची जवळीक कळते. तिचे नाव लग्नगडी. गडी म्हणजे घरचा किंवा शेतावरचा नोकर. लग्नाच्या खर्चासाठी वारली या आदिवासी जमातीतील तरुण जमीनदाराकडून, जो बहुधा सावकारही असे, रक्कम उचले आणि ती फिटेपर्यंत त्याच्याकडे राबण्याचे कबूल करी; पण मजुरीचा हिशेब सावकाराच्या हाती, व्याज त्याच्या तोंडी आणि लिहिता-वाचता येत नसल्याने कागद असला तरी तो ऋणकोच्या उपयोगाचा नाही, अशी स्थिती असल्यामुळे ही फेड आयुष्यभर पुरी होत नसे. लग्न होऊन आलेली बायको त्या कर्जाच्या वेळी हजर नव्हती, तिने काही कबूल केले नव्हते, तरी तिचेही श्रम धन्याच्या घरी आणि शेतात गृहीत धरले जात, आणि बापाचे देणे पुढे मुलांच्या माथी येई. स्मृतीने मोजलेल्या तीन प्रकारांपैकी एकातही हे कर्ज बसत नाही. ज्या देण्याने संसार उभा राहिला तेच संसाराचे मालक झाले, आणि दांपत्य हे कर्जाचे एकक म्हणून या प्रदेशात प्रथम ठळकपणे दिसते ते या वेठीच्या रूपात.

मुंबई सरकारने आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी नेमलेले अधिकारी सिमिंग्टन यांनी १९३८-३९ च्या सुमारास सादर केलेल्या अहवालात वेठ आणि सावकारी पिळवणुकीची दखल घेतली होती. परंतु प्रथा मोडली ती अहवालाने नव्हे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्रातील किसान सभा या शेतकरी संघटनेचे अधिवेशन भरले, त्याला वारली प्रतिनिधी आले, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात झरी गावच्या सभेत किसान सभेचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वेठ न करण्याचा निर्धार झाला. लग्नगड्यांची सुटका हा त्या लढ्याचा पहिल्या फळीतील भाग होता. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि त्यात जेठ्या गांगड मारला गेला. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा काळ लिहून ठेवला आहे. देशपातळीवर कर्जापोटी राबवून घेणे बेकायदा ठरवणारा वटहुकूम निघाला तो ऑक्टोबर १९७५ मध्ये, आणि त्याचा कायदा १९७६ साली झाला.

आजच्या ऋणव्यवस्थापन योजनेचा खरा पूर्वज या प्रदेशात शोधायचा झाला तर तो मुंबई प्रांताच्या १९३९ आणि १९४७ च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्यांत सापडतो. दख्खनमधील १८७५ च्या सावकारविरोधी दंग्यांनंतर १८७९ साली झालेल्या कायद्याने न्यायालयाला कर्जखताच्या मागे जाऊन मूळ व्यवहाराचा हिशेब तपासण्याचा अधिकार दिला होता. पुढच्या कायद्यांनी त्याहून मोठे पाऊल टाकले. ऋणकोने किंवा धनकोने अर्ज करायचा, सर्व धनकोंनी आपापली येणी मांडायची, न मांडणाऱ्याचे येणे बुडायचे, मग एकूण देण्याची छाननी होऊन ते ऋणकोच्या कुवतीप्रमाणे कमी करायचे आणि उरलेल्याची हप्तेबंदी करून द्यायची, अशी ही रचना होती. १९३९ च्या कायद्यात हे काम कर्जतडजोड मंडळांकडे होते, १९४७ च्या कायद्यात ते न्यायालयांकडे गेले. व्याजाची रक्कम मुद्दलापेक्षा जास्त होऊ न देणारा दामदुपटीचा जुना नियम मुंबई इलाख्यातील न्यायालये पाळत होतीच. या कायद्यांच्या लेखी ऋणको म्हणजे एक तर व्यक्ती किंवा अविभक्त हिंदू कुटुंब. या दोहोंच्या मधे जे असते, म्हणजे आपल्यापुरती चूल मांडलेले नवराबायको, त्यांना तिथे जागा नव्हती, आणि जमीन बहुतेक पुरुषांच्या नावे असल्याने ती नसल्याचे त्या काळात कोणाला खटकले नसावे.

सिडकोची, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळाची, स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्वेकडील गावांतील भातशेती, खारजमिनी व मिठागरे संपादनाखाली आली. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात संपादित जमिनींच्या मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले आणि त्यानंतर प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण आले. कर्जाच्या इतिहासाच्या दृष्टीने या घडामोडींचा अर्थ असा, की गहाण टाकण्याजोगी शेतजमीन गेली आणि तिच्या जागी तारण म्हणून सदनिका आणि पगार आले. १९९२ साली लोकल वाशीपर्यंत आली, शहर मुंबईच्या कार्यालयांशी जोडले गेले आणि दोघांच्या पगारावर काढलेले गृहकर्ज ही इथली नेहमीची गोष्ट झाली. एकाच्या उत्पन्नावर बसत नसलेली रक्कम दोघांचे उत्पन्न धरले की मंजूर होते. त्यासाठी पत्नी सहअर्जदार म्हणून सही करते. लग्नगड्याच्या बायकोला न विचारता बांधले गेले होते, हिला विचारले जाते, सही तिची स्वतःची असते आणि बहुधा घर तिच्याही नावे असते. हा फरक फार मोठा आहे आणि दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजणे हा वेठीच्या इतिहासावर अन्याय होईल. तरीही सहीचा कायदेशीर अर्थ सही करताना किती जणांना ठाऊक असतो, हा प्रश्न उरतोच.

तो अर्थ १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आहे. कलम ४३ प्रमाणे एकत्र वचन देणाऱ्यांपैकी कोणाही एकाकडून धनकोला पूर्ण रक्कम वसूल करता येते. निम्मे तुझे, निम्मे माझे ही वाटणी घरापुरती असते, बँकेपुढे ती नसते. कलम ४४ त्याहून महत्त्वाचे आहे: धनकोने एकाला मोकळे केले तरी दुसरा मोकळा होत नाही. जामीनदाराची स्थिती निराळी आहे, कारण मूळ ऋणकोला कराराने मुक्त केले तर कलम १३४ नुसार जामीनदारही सुटतो. अर्थात बँकांच्या जामीनखतांत ही सवलत सोडून दिल्याचा मजकूर बहुधा आधीच छापलेला असतो. म्हणजे नवऱ्याने एकट्याने तडजोड केली आणि कर्ज दोघांच्या नावे असेल, तर कागदावर बायको उरलेल्या रकमेची ऋणको राहू शकते. तडजोडीच्या पत्रात दोघांची नावे आहेत की एकाचे, हे पाहण्याची निकड इथूनच येते. पतमाहितीच्या नोंदी प्रत्येक व्यक्तीच्या वेगळ्या असतात, पण संयुक्त कर्ज दोघांच्याही नोंदीत दिसते, आणि पूर्ण फेडीऐवजी तडजोड झाल्याचा शेराही तसाच उमटतो.

विनातारण कर्जात बुडालेल्यांना सल्ला देणारी केंद्रे भारतात उशिरा आली. अमेरिकेत अशा समुपदेशनाची राष्ट्रीय संस्था १९५१ पासून होती. मुंबईत बँक ऑफ इंडियाचे ‘अभय’ हे केंद्र या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाले आणि ४ फेब्रुवारी २००९ रोजी रिझर्व्ह बँकेने वित्तीय साक्षरता व पतसमुपदेशन केंद्रांची नमुना योजना जाहीर केली. अडचणीत आलेल्या ऋणकोसाठी उत्पन्न आणि देणी पाहून, बँकेशी बोलून, वैयक्तिक ऋणव्यवस्थापन योजना आखून द्यावी, असे काम तीत सांगितले होते. वैयक्तिक हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. दांपत्य इथेही एकक झाले नाही. २०१२ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत भर साक्षरतेवर गेला आणि कर्जसल्ल्याचे अंग मागे पडले. ते का पडू द्यावे, हे समजणे कठीण आहे, कारण कर्ज सहज मिळण्याची साधने त्याच वर्षांत झपाट्याने वाढत होती.

या सगळ्या पार्श्वभूमीवर आजच्या दांपत्याने तीन याद्या वेगळ्या काढणे अपरिहार्य ठरते: फक्त त्याची देणी, फक्त तिची देणी आणि दोघांच्या सहीची देणी. तिसरी यादी मोठी असेल तर एकाने योजनेत जाण्यात अर्थ नाही, कारण धनको दुसऱ्याकडे वळेल. ती रिकामी असेल आणि एकाचीच कार्डे थकलेली असतील, तर दुसऱ्याने केवळ प्रेमापोटी त्या देण्यांवर सही करणे म्हणजे कायद्याने दिलेले संरक्षण आपल्याच हाताने टाकून देणे होय. घरखर्चाला हातभार लावून सहीपासून दूर राहणे अधिक शहाणपणाचे. कायद्याचे संरक्षण खरोखर आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ नुसार पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. कलम ६० प्रमाणे ऋणको, त्याची पत्नी आणि मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी व अंथरूणपांघरूण जप्त होत नाही, आणि धार्मिक रूढीमुळे स्त्रीला अंगावरून काढता न येणारे दागिनेही जप्तीतून वगळलेले आहेत. मंगळसूत्र यात येते. पगाराचे पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांशही सामान्यतः जप्तीबाहेर राहतात.

हे सगळे अपुरे पडले तर नादारीचा, म्हणजे कर्ज फेडण्यास असमर्थ असल्याचे न्यायालयाकडून जाहीर करून घेण्याचा, मार्ग उरतो. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता. त्यामुळे सामान्य पगारदाराला खाडीच्या पश्चिमेस, बृहन्मुंबईत, १९०९ चा इलाखा शहरांचा नादारी कायदा लागतो आणि वाशीचा पूल ओलांडला की १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. अर्ज करण्यासाठी किमान देणे या दुसऱ्या कायद्यात अजून ५०० रुपयेच आहे. संयुक्त ऋणकोंविरुद्ध वेगवेगळे अर्ज आले तर त्यांचे काम एकत्र चालवण्याची मुभा त्यात न्यायालयाला आहे. अर्ज मात्र दोन.