उटकमंडची वाट आणि एक जुने हॉटेल

चेन्नईतील जॉर्ज टाउनच्या उत्तरेस रॉयपुरमचे रेल्वे स्थानक आहे. दक्षिण भारतातील पहिली आगगाडी १८५६ साली येथूनच अर्काटच्या रोखाने सुटली. स्थानकाची जुनी इमारत अद्याप उभी आहे. निलगिरीतील उटकमंडच्या सॅव्हॉय हॉटेलाची कथा आम्ही येथून आरंभितो, कारण त्या हॉटेलाचे भाग्य लोहमार्गाशी जडलेले आहे.

हॉटेलाची मूळ वास्तू १८२९ सालची. म्हणजे ती आगगाडीहून वडील होय. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन याने त्या थंड पठारावर घर बांधावयास घेतल्यास तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. मद्रासेहून तेथवर जाणे त्या काळी बैलगाडीचे, पालखीचे आणि तट्टाचे काम होते. पुढे १८७३ साली रूळ डोंगराच्या पायथ्याशी, मेट्टुपाळयम येथे पोहोचले. १८९९ साली कुन्नूरास आणि १९०८ साली उटकमंडास. वाटेतला चढ बारा फुटांस एक फूट इतका उभा, म्हणून रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी घालून इंजिनाचे दातेरी चाक तीत अडकवावे लागले. आगगाड्यांतून व स्थानकांवर खानपानाची व्यवस्था पाहणारी मद्रासची स्पेन्सर कंपनी हीच पुढे या हॉटेलाची मालक झाली, हे सयुक्तिकच म्हणावयाचे.

परंतु ही वाट केवळ हौशी प्रवाशांनी रुळविली नाही. मुंबई सरकार महाबळेश्वरास व पुण्यास हलत असे, तसेच मद्रास सरकार उन्हाळा येताच सेंट जॉर्ज किल्ल्यातून उटकमंडास हले. मागोमाग दप्तरे जात आणि दप्तरांमागून कारकून. साहेबास गारवा मिळे. कारकुनास बिऱ्हाड मोडून परमुलखात नवे मांडावे लागे. इकडे किल्ल्यालगतच्या जॉर्ज टाउनमधील रयतेचे अर्ज मात्र शेकडो मैल दूर जात. या स्थलांतराविरुद्ध मद्रासच्या नागरिकांनी वारंवार तक्रारी केल्या, त्या काही उगाच नव्हेत.

ती प्रथा आता उरलेली नाही. हॉटेल ताज समूहाकडे आहे, आणि डोंगरी रेल्वे २००५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिच्या कौतुकात आम्हीही सहभागी आहोत. तथापि अशा वास्तूंचा इतिहास लिहिताना पाहुण्यांची नामावळी पुरेशी नाही. ज्यांची दप्तरे आणि ज्यांचे अर्ज त्या चढावरून गेले, त्यांचीही नोंद त्यात झाली पाहिजे, असे आम्हांस वाटते. बदलीच्या गावी बिऱ्हाड मांडणाऱ्या आमच्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको.