सौरव गांगुली : बोली न लागलेल्या कर्णधाराला नवा संघ कसा मिळाला

कोलकाता नाईट रायडर्सचा पहिला कर्णधार सौरव गांगुली याच्यावर जानेवारी २०११ मध्ये बंगळुरू येथे झालेल्या इंडियन प्रीमियर लीगच्या (आयपीएल) लिलावात दहापैकी एकाही संघाने बोली लावली नाही. भारताच्या यशस्वी कर्णधारांत गणला जाणारा हा डावखुरा फलंदाज त्यानंतर चार महिने आयपीएलमध्ये संघाविना राहिला. मे २०११ मध्ये पुणे वॉरियर्स इंडियाने त्याला एका जायबंदी खेळाडूच्या जागी करारबद्ध केले आणि पुढील वर्षी संघाचे नेतृत्वही त्याच्याकडे सोपवले. कर्णधारपद गमावलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघात जागा मिळण्याची शक्यता कोणत्या गोष्टींवर अवलंबून असते, हे या प्रकरणातून समजून घेता येते.

राष्ट्रीय संघातील पहिली गच्छंती

८ जुलै १९७२ रोजी कोलकात्यात जन्मलेल्या गांगुलीने १९९६ मध्ये लॉर्ड्सवर कसोटी पदार्पणातच १३१ धावांची खेळी केली. २००० मध्ये तो भारताचा कर्णधार झाला. त्याच्या नेतृत्वाखाली भारताने ४९ कसोटींपैकी २१ जिंकल्या. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ईडन गार्डन्सवर फॉलोऑननंतर मिळवलेला १७१ धावांचा विजय आणि २००३ च्या विश्वचषकातील अंतिम फेरी ही या कारकिर्दीची ठळक वैशिष्ट्ये होत.

२००५ मध्ये प्रशिक्षक ग्रेग चॅपेल यांच्याशी झालेल्या मतभेदांनंतर त्याचे कर्णधारपद गेले व राहुल द्रविड कर्णधार झाला. पुढे संघातील स्थानही राहिले नाही. राष्ट्रीय संघातून वगळलेल्या खेळाडूला दुसरा देश शोधता येत नाही. त्याच्यापुढे स्थानिक सामने खेळत निवड समितीची वाट पाहणे एवढाच मार्ग उरतो. गांगुलीने तो मार्ग पत्करला. डिसेंबर २००६ मध्ये जोहान्सबर्ग कसोटीत त्याने नाबाद ५१ धावा करून पुनरागमन केले आणि त्या सामन्यात भारताने दक्षिण आफ्रिकेतील पहिला कसोटी विजय मिळवला. नोव्हेंबर २००८ मध्ये नागपूर येथे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीनंतर त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा निरोप घेतला. तोवर त्याच्या नावावर ११३ कसोटींत ७,२१२ धावा आणि ३११ एकदिवसीय सामन्यांत ११,३६३ धावा जमा होत्या.

नाईट रायडर्समधील तीन हंगाम

२००८ मध्ये आयपीएल सुरू झाली तेव्हा पाच खेळाडूंना 'आयकॉन' दर्जा देऊन त्यांच्या शहरांच्या संघांकडे थेट सोपवण्यात आले. सचिन तेंडुलकर मुंबईकडे, राहुल द्रविड बंगळुरूकडे, वीरेंद्र सेहवाग दिल्लीकडे, युवराजसिंग पंजाबकडे आणि सौरव गांगुली कोलकात्याकडे गेला. आयकॉन खेळाडूला संघातील सर्वाधिक महागड्या खेळाडूपेक्षा १५ टक्के अधिक मानधन मिळत असे. स्थानिक प्रेक्षकांना संघाशी जोडणे हा या योजनेचा हेतू होता आणि कोलकात्यात तो पुरेपूर साध्य झाला.

मैदानावर मात्र तसे यश आले नाही. २००८ मध्ये संघ आठ संघांत सहावा आला. २००९ मध्ये प्रशिक्षक जॉन बुकॅनन यांनी एकाहून अधिक कर्णधारांची कल्पना मांडली आणि अखेर नेतृत्व ब्रेंडन मॅकलमकडे गेले. त्या हंगामात संघ तळाशी राहिला. २०१० मध्ये गांगुलीला पुन्हा कर्णधार करण्यात आले. संघाने १४ गुण मिळवले, परंतु निव्वळ धावगतीत मागे पडल्याने त्याची उपांत्य फेरी हुकली. गांगुलीने त्या हंगामात ४९३ धावा केल्या. संघातर्फे त्या सर्वाधिक होत्या.

लिलावाचे गणित

२०११ च्या हंगामासाठी पुणे आणि कोची हे दोन नवे संघ दाखल झाले व सर्व संघांची नव्याने बांधणी करण्यात आली. जुन्या संघांना मोजकेच खेळाडू राखण्याची मुभा होती. नाईट रायडर्सने एकालाही राखले नाही. ८ आणि ९ जानेवारीला झालेल्या लिलावात या संघाने गौतम गंभीरला २४ लाख डॉलरला आणि युसुफ पठाणला २१ लाख डॉलरला घेतले. गंभीरचा भाव त्या लिलावातील सर्वोच्च ठरला. गांगुलीचे नाव पुकारले गेले तेव्हा सभागृहात एकही हात वर झाला नाही. ब्रायन लारा आणि ख्रिस गेल यांच्याही वाट्याला तेच आले.

या निर्णयामागे तीन कारणे दिसतात.

पहिले कारण किमतीचे होते. गांगुलीचे आधारमूल्य चार लाख डॉलर, म्हणजे लिलावातील सर्वोच्च गटातले होते. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा ९० लाख डॉलरची होती. तेव्हा ३८ वर्षांच्या आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलेल्या फलंदाजासाठी ही किंमत संघांना जड वाटली असावी.

दुसरे कारण जागेचे होते. तो आघाडीच्या फळीतला फलंदाज होता आणि ही फळी बहुतेक संघ वेगवान धावा काढणाऱ्या तरुण किंवा परदेशी खेळाडूंनी भरत होते. आयपीएलमधील संपूर्ण कारकिर्दीत गांगुलीने दर १०० चेंडूंमागे सुमारे १०७ धावा केल्या. वीस षटकांच्या खेळात हा वेग कमी मानला जातो. कोलकात्याने घेतलेला गंभीरही डावखुरा सलामीवीरच होता.

तिसरे कारण नेतृत्वाचे होते आणि ते सहसा उघडपणे बोलले जात नाही. माजी कर्णधार संघात येतो तेव्हा त्याच्यासोबत सत्तेचे दुसरे केंद्र येण्याची धास्ती असते. नव्या कर्णधाराचा पहिला पराभव झाला की प्रेक्षक जुन्याचे नाव घेऊ लागतात. कोलकात्यात ही शक्यता सर्वाधिक होती.

इतर आयकॉन खेळाडूंची स्थिती पाहिल्यास हा फरक ठळक होतो. तेंडुलकर आणि सेहवाग यांना त्यांच्या संघांनी राखले. युवराजला पुण्याने १८ लाख डॉलरला घेतले. गांगुलीहून काही महिन्यांनीच लहान असलेल्या द्रविडलाही राजस्थान रॉयल्सने पाच लाख डॉलर मोजले. पाचांपैकी एकट्या गांगुलीला संघ मिळाला नाही.

बदली खेळाडूचा मार्ग

लिलावानंतर कोलकात्यात 'नो दादा, नो केकेआर' या घोषणेखाली चाहत्यांनी निषेध केला. कोची संघाने गांगुलीला घेण्यात रस दाखवला. मात्र लिलावात न विकल्या गेलेल्या खेळाडूला थेट करारबद्ध करण्यासाठी अन्य संघांची संमती आवश्यक होती. तिच्यावर एकमत झाले नाही आणि तो प्रयत्न बारगळला.

नियमांत एक वाट तरीही मोकळी होती. संघातील खेळाडू दुखापतीमुळे हंगामाबाहेर गेला, तर त्याच्या जागी न विकलेल्या खेळाडूला घेता येत असे. एप्रिल २०११ मध्ये डर्क नॅनेस जायबंदी झाल्याने बंगळुरूने गेलला बोलावले. २२ एप्रिलला ईडन गार्डन्सवरच त्याने नाईट रायडर्सविरुद्ध नाबाद १०२ धावा केल्या आणि हंगामाअखेर ६०८ धावांसह तो स्पर्धेतील सर्वाधिक धावांचा मानकरी ठरला. लिलावातील दुर्लक्ष म्हणजे खेळाडूच्या गुणवत्तेचा अंतिम निकाल नव्हे, हे त्यावरून सिद्ध झाले.

गांगुलीसाठी ही वाट पुण्यामुळे उघडली. विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात पाकिस्तानविरुद्ध आशिष नेहराच्या बोटाला दुखापत झाली होती आणि तो पुणे वॉरियर्ससाठी उपलब्ध नव्हता. वेगवान गोलंदाजाच्या जागी फलंदाज घेण्याचा हा निर्णय क्रिकेटच्या गरजेइतकाच प्रतिष्ठेचाही होता. सहारा समूहाने २०१० मध्ये ३७ कोटी डॉलरला विकत घेतलेल्या या संघाची सुरुवात निराशाजनक झाली होती. १० मे रोजी हैदराबाद येथे डेक्कन चार्जर्सविरुद्धच्या पहिल्या सामन्यात गांगुलीने नाबाद ३२ धावा करून विजयाला हातभार लावला. त्या हंगामात त्याला चार सामने मिळाले.

पुण्याचे नेतृत्व आणि ईडनचा सामना

२०१२ मध्ये युवराजसिंग कर्करोगावरील उपचारांमुळे खेळू शकला नाही आणि पुण्याने गांगुलीला कर्णधार नेमले. हंगामाच्या तोंडावर, मार्चमध्ये, त्याच्याच नेतृत्वाखाली बंगालने अंतिम सामन्यात मुंबईला हरवून विजय हजारे करंडक जिंकला होता. पुण्याजवळील गहुंजे येथील नवे स्टेडियम त्याच वर्षी या संघाचे घरचे मैदान झाले.

५ मे २०१२ रोजी पुणे वॉरियर्स ईडन गार्डन्सवर खेळण्यास आले. ज्या मैदानावर गांगुलीने घरचा कर्णधार म्हणून नाणेफेक केली होती, तेथे तो पाहुण्या संघाचा कर्णधार होता, आणि प्रेक्षकांची निष्ठा दुभंगलेली दिसली. नाईट रायडर्सने हा सामना सात धावांनी जिंकला. २७ मे रोजी गंभीरच्या नेतृत्वाखाली कोलकात्याने प्रथमच विजेतेपद मिळवले. पुण्याचा संघ नऊ संघांत शेवटचा आला. गांगुलीने १५ सामन्यांत २६८ धावा केल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने आयपीएलमधूनही निवृत्ती जाहीर केली. पुणे वॉरियर्स हा संघही २०१३ नंतर उरला नाही.

निकालांकडे पाहता कोलकात्याचा निर्णय व्यवहारात योग्य ठरला, हे मान्य करावे लागते. पुण्याला त्याच्याकडून विजय फारसे मिळाले नाहीत. गांगुलीला मात्र आपला शेवट लिलावाच्या सभागृहात न होता मैदानावर करण्याची संधी मिळाली. नव्या संघाने जुन्या कर्णधाराला दिलेली ही मोठी गोष्ट होती.

अय्यर आणि रहाणे : कोलकात्याचीच दोन उदाहरणे

हाच प्रश्न पुढे कोलकात्याच्या संघात पुन्हा उभा राहिला आणि या वेळी दोन्ही नावे मुंबईच्या खेळाडूंची होती. २०२४ मध्ये नाईट रायडर्सला विजेतेपद मिळवून देणारा श्रेयस अय्यर त्याच वर्षी संघातून बाहेर पडला. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथील लिलावात पंजाब किंग्जने त्याच्यासाठी २६ कोटी ७५ लाख रुपये मोजले. २०२५ मध्ये त्याने पंजाबला अंतिम फेरीत नेले. तिशीच्या आत असलेल्या, भरात खेळणाऱ्या कर्णधाराला संघ शोधावा लागत नाही.

अजिंक्य रहाणेचा प्रवास गांगुलीच्या अधिक जवळचा आहे. संगमनेर तालुक्यात जन्मलेल्या या फलंदाजाने २०२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात विराट कोहलीच्या अनुपस्थितीत भारताला मालिका जिंकून दिली होती. २०१९ च्या हंगामात राजस्थान रॉयल्सचे कर्णधारपद गेल्यानंतर तो दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई असा फिरला. २०२३ मध्ये चेन्नईने त्याला ५० लाख रुपयांच्या आधारमूल्यावर घेतले. त्याने खेळाचा वेग वाढवला आणि २३ एप्रिल रोजी ईडन गार्डन्सवर नाईट रायडर्सविरुद्ध २९ चेंडूंत नाबाद ७१ धावा केल्या. चेन्नईने विजेतेपद मिळवले आणि रहाणे कसोटी संघातही परतला. जेद्दातील लिलावात पहिल्या फेरीत त्याला कोणी घेतले नाही. अखेरच्या वेगवान फेरीत कोलकात्याने दीड कोटी रुपयांच्या आधारमूल्यावर घेतले आणि मार्च २०२५ मध्ये कर्णधार नेमले. त्या हंगामात संघ आठवा आला.

या उदाहरणांवरून काही निष्कर्ष निघतात. माजी कर्णधाराची शक्यता त्याच्या जुन्या कामगिरीपेक्षा वय, किंमत आणि संघातील मोकळी जागा यांवर अधिक ठरते. किंमत कमी ठेवण्याची आणि साधा फलंदाज म्हणून खेळण्याची तयारी असेल तर दार उघडते. बऱ्याचदा ते उघडण्यास दुसऱ्याची दुखापत किंवा लिलावाच्या शेवटी उरलेली रक्कम कारणीभूत होते.

घटनाक्रम

२००५ : गांगुलीचे भारताचे कर्णधारपद गेले
२००६, डिसेंबर : जोहान्सबर्ग येथे कसोटी पुनरागमन
२००८ : नाईट रायडर्सचा पहिला कर्णधार, नागपूर येथे अखेरची कसोटी
२००९ : नाईट रायडर्सचे नेतृत्व मॅकलमकडे
२०१० : पुन्हा कर्णधार, हंगामात ४९३ धावा
२०११, जानेवारी : लिलावात बोली नाही
२०११, मे : पुणे वॉरियर्सशी करार
२०१२ : पुण्याचा कर्णधार, ऑक्टोबरमध्ये आयपीएलमधून निवृत्ती